घरचे इंटरनेट : निवड आणि हिशेब
(केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



घरी इंटरनेटची जोडणी घ्यावी काय, आणि घ्यावयाची झाल्यास अनेक योजनांपैकी कोणती निवडावी, ह्या विषयावर मी आज आपणांपुढे बोलणार आहे. शिक्षण परिषदेत हा बाजाराचा विषय कशासाठी, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. तिचे निरसन प्रथम केले पाहिजे.

पूर्वी पोस्टमनने पत्र आणले की ते वाचून घेण्यासाठी, मनिऑर्डरचा कागद समजून घेण्यासाठी माणसे गुरुजींच्या दारी येत. आज तीच माणसे केबलवाल्याने दिलेला रंगीत कागद घेऊन येतात आणि विचारतात, “गुरुजी, ह्यातला कोणता प्लॅन घ्यावा?” प्रश्न बदलला, विचारण्यामागचा विश्वास तोच आहे. रोजंदारीवर जाणारे कुटुंब सवलतीच्या लोभाने वर्षाची रक्कम एकदम भरते आणि पुढे जोडणी बंद पडते, तेव्हा ती रक्कम त्या घरातील मुलांच्या वह्यापुस्तकांतून आणि कपड्यालत्त्यांतून वजा होत असते. म्हणून ह्या प्रश्नाचे उत्तर आपणांस नीट देता आले पाहिजे.

दुसरे कारण मुलांचे आहे. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली आणि आपल्या राज्यात ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ अशी हाक देण्यात आली. त्या काळात खेडोपाडी जे दिसले ते आपणांस स्मरत असेलच. पाठ बापाच्या मोबाईलवर येई आणि मोबाईल बापाबरोबर शेतात किंवा मोंढ्यात जाई. मुलाच्या हाती तो रात्री पडे, तेव्हा त्यातील डेटा तरी संपलेला असे किंवा बॅटरी तरी. मोबाईलमधील इंटरनेट ज्याच्या खिशात मोबाईल त्याच्याबरोबर हिंडते. घरची जोडणी घरीच राहते आणि तिचा लाभ घरात असणाऱ्यांस, म्हणजे मुलांस, स्त्रियांस आणि वृद्धांस, मिळू शकतो. मात्र त्यासाठी घरात आणखी एखादे यंत्र, निदान जुना मोबाईल तरी, राहिला पाहिजे. तो नसेल तर घरची जोडणी म्हणजे दिव्यावाचून आणलेले तेल होय. पालकांना सल्ला देताना पहिला प्रश्न हाच विचारावा : “दिवसा घरी फोन कोणता राहतो?”

दारापर्यंत काय पोहोचते?

जाहिरातीत काय लिहिले आहे ह्याआधी आपल्या गल्लीत काय पोहोचते, हे पाहावे. आपल्या जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांची स्थिती सारखी नाही. गोदाकाठच्या सपाट प्रदेशात मोबाईलच्या मनोऱ्याच्या लहरी दूरवर जातात. जिंतूरच्या डोंगराळ भागात, किंवा गंगाखेडच्या दक्षिणेस जेथे बालाघाटाच्या रांगा लागतात तेथे, एका टेकडीच्या आडोशाने अर्धे गाव कोरडे राहू शकते.

जोडणीचे मुख्य प्रकार तीन. पहिला फायबरचा. काचेच्या केसासारख्या बारीक तंतूतून प्रकाशाच्या रूपाने संदेश येतो. त्यातून वीज वाहत नाही, म्हणून जुन्या तांब्याच्या तारेप्रमाणे विजेचा लोळ तिच्यावाटे घरात येण्याचे भय नसते. परंतु घरातील राउटर विजेवर चालतो, म्हणून आभाळ गडगडू लागले की त्याचे बटण बंद करून पिन काढून ठेवणेच बरे. खांबांवरून ओढलेले फायबर वाऱ्यावावटळीने तुटते, उंच भरलेल्या वाहनात अडकते. जमिनीखालून नेलेले असेल तर रस्त्याच्या किंवा नळयोजनेच्या खोदाईत कापले जाते. दुसरा प्रकार मनोऱ्यावरून हवेतून येणाऱ्या घरजोडणीचा. आपल्या देशात ऑक्टोबर २०२२ मध्ये फाइव्ह-जी सेवा सुरू झाल्यानंतर हा प्रकार विशेष वाढला. ह्यात गच्चीवर किंवा भिंतीवर एक पेटी बसवितात; तार ओढावी लागत नाही, पण मनोरा किती दूर आणि त्यावर ग्राहकांची गर्दी किती, ह्यावर सारे अवलंबून असते. तिसरा प्रकार आपणां सर्वांच्या परिचयाचा, मोबाईलचे हॉटस्पॉट. थोड्या कामास तो पुरेसा आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. केंद्र सरकारने २०११ साली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना मंजूर केली. २०१५ साली तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. तिचा उद्देश देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचा आहे. त्यामुळे “आमच्या ग्रामपंचायतीत तार आली, आता घरात इंटरनेट येणारच,” असे लोक मानतात. तार ग्रामपंचायतीच्या कपाटापर्यंत येणे ही एक गोष्ट; तेथून घरापर्यंत ती कोणीतरी ओढणे आणि तुटल्यास जोडून देणे ही दुसरी. म्हणून गल्लीतील दोन-तीन ग्राहकांना विचारावे : जोडणी महिन्यातून किती वेळा बंद पडते? बंद पडल्यावर माणूस किती दिवसांनी येतो? संध्याकाळी सात ते दहा ह्या वेळेत चित्र अडकते काय? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे कंपनीच्या नावापेक्षा अधिक उपयोगी पडतात. “बनी तो बनी, नहीं तो परभणी” ही म्हण आपण विनोदाने सांगतो. परंतु पैसे भरताना तिचा आधार घेऊ नये.

वेगाचे गणित

कागदावर मोठ्या अक्षरांत जो आकडा असतो तो वेगाचा. “१०० एमबीपीएसपर्यंत” असे लिहिलेले असते. आपण भाषा शिकवितो. तेव्हा ह्यातील ‘पर्यंत’ ह्या शब्दावर बोट ठेवावे. तो आकडा कमाल मर्यादा सांगतो, हमी देत नाही. तसेच ‘ब्रॉडबँड’ ह्या शब्दाने भुलू नये. जानेवारी २०२३ मध्ये त्याची व्याख्या सुधारण्यात आली, तेव्हाही किमान वेग अवघा २ एमबीपीएस ठरविण्यात आला.

दुसरी गफलत एककाची. वेग मोजतात तो बिटमध्ये आणि फाइल मोजतात ती बाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून ४० एमबीपीएस वेगाच्या जोडणीवर सेकंदास ४० एमबी उतरत नाहीत. ४० भागिले ८, म्हणजे ५ एमबी उतरतात. ६०० एमबीची चित्रफीत उतरण्यास त्या वेगाने १२० सेकंद, म्हणजे दोन मिनिटे लागतील. सातवीच्या मुलास हे उदाहरण सहज सुटेल.

मग घरास वेग लागतो तरी किती? चांगल्या स्पष्टतेचे चित्र पाहण्यास साधारण ५ एमबीपीएस पुरतात. घरातील चार माणसांनी एकाच वेळी चार निरनिराळी चित्रे पाहिली तरी २० झाले. म्हणजे ३० एमबीपीएसची योजना प्रत्यक्षात तेवढा वेग देत असेल, तर ती चौघांच्या घरास पुरेशी आहे. शंभर किंवा दोनशेचे पैसे भरणे म्हणजे घागरभर पाण्यासाठी पाच अश्वशक्तीची मोटार बसविणे होय. यू-डायस प्लस किंवा अन्य नोंदीच्या शेवटच्या तारखेस पोर्टल पुढे सरकत नाही, तेव्हा अनेकांस वाटते की आपला वेग कमी आहे. पुष्कळदा खोळंबा दुसऱ्या टोकास, एकाच वेळी आलेल्या गर्दीमुळे झालेला असतो. त्यावर अधिक महाग योजना हा उपाय नाही. चार दिवस आधी माहिती भरणे हा उपाय आहे.

डेटाचेही तसेच. साधारण स्पष्टतेच्या चित्रफितीस तासाला अर्धा ते एक जीबी लागतो. फॉर्म भरणे, निरोप पाठविणे ह्यांस नगण्य. घरातील सर्वांचे मिळून दिवसाला चार तास धरले तरी दिवसाचे ४ जीबी आणि महिन्याचे १२० जीबी होतात. मोबाईलवरील दिवसाच्या दीड-दोन जीबीत हे बसत नाही, पण घरजोडणीच्या साध्यातल्या साध्या योजनेत बहुधा बसते. ‘अमर्याद’ असे लिहिले असले तरी कुठेतरी मर्यादा असतेच. ती किती आणि संपल्यावर वेग किती उरतो, एवढे विचारून घ्यावे.

घेतलेला वेग घरात नीट पसरतो की नाही, हेही पाहावे लागते. आपल्याकडील जुन्या माळवदी घरांच्या जाड भिंती आणि पत्र्याची छपरे लहरींना अडवितात. राउटर ओसरीच्या कोपऱ्यात, कपाटामागे न ठेवता घराच्या मध्यभागी उंचावर ठेवावा. पुष्कळ राउटरांत दोन पट्टे असतात : २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीपलीकडे जातो पण मंद असतो. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, परंतु भिंतीस बिचकणारा. वीज गेल्यावरही अभ्यास चालावा असे वाटत असेल, तर राउटरपुरता लहान बॅटरीसंच घ्यावा. वेग वाढविण्यापेक्षा आपल्या गावी त्याचा उपयोग अधिक होईल.

वर्षाचा हिशेब

आता मुख्य गोष्टीकडे वळू. योजनांची तुलना नेहमी वर्षाच्या खर्चावर करावी. महिन्याच्या आकड्यात पुष्कळ काही दडलेले असते.

प्रथमतः कर. घरजोडणीच्या जाहिरातीत बहुधा कराशिवायची किंमत असते आणि तिच्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. समजा, महिन्यास ४०० रुपये लिहिले आहेत. करासह ते ४७२ होतात आणि वर्षाचे ५,६६४. ह्यात जोडणी बसविण्याचा खर्च आणि राउटरची अनामत मिळवावी. अनामत परत मिळते की नाही, हे पावतीवर लिहून घ्यावे.

मोबाईलच्या रिचार्जमध्ये वेगळी मेख आहे. २८ दिवसांचा रिचार्ज लोक महिन्याचा समजतात. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. अर्थात वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा! दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये आदेश दिला की प्रत्येक कंपनीने निदान एक योजना ३० दिवसांची आणि निदान एक दर महिन्याच्या त्याच तारखेस येणारी ठेवावी. त्या योजना मागून घ्याव्या लागतात.

आता एक उदाहरण सोडवू. आकडे हिशेबापुरते कल्पिलेले आहेत. आपण आपल्या गावचे दर घालावेत. एका घरात तीन मोबाईल आहेत आणि प्रत्येकाचा २८ दिवसांचा रिचार्ज ३०० रुपयांचा. एका मोबाईलचे वर्षाचे ३,९००, तिघांचे ११,७००. आता ह्या घराने वरील ५,६६४ रुपयांची घरजोडणी घेतली. घरी राहणाऱ्या दोन मोबाईलांस स्वतंत्र डेटाची गरज उरली नाही. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एक नियम केला आहे : केवळ बोलणे आणि संदेश एवढ्यासाठीचा, डेटाशिवायचा, निदान एक रिचार्ज प्रत्येक कंपनीने द्यावा, त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. तो वर्षास १,८५० रुपयांचा धरू. दोन मोबाईलांचे ३,७०० झाले. बाहेर जाणाऱ्या एका मोबाईलमध्ये पैसे देण्याघेण्यासाठी डेटा हवाच, म्हणून त्याचे ३,९०० कायम ठेवू. एकूण ५,६६४ अधिक ३,७०० अधिक ३,९००, म्हणजे १३,२६४. पूर्वीच्या खर्चाहून वाढ झाली १,५६४ रुपयांची, अर्थात महिन्यास सुमारे १३० रुपये. कागदावर ४७२ रुपयांची दिसणारी जोडणी ह्या घरास १३० रुपयांत पडली.

परंतु त्या घराने जोडणीही घेतली आणि तिन्ही मोबाईलांचे रिचार्ज पूर्ववत चालू ठेवले, तर तेच ४७२ रुपये महिन्याच्या खर्चात सबंध वाढतात. पुष्कळ घरांत असेच घडते. नवीन खर्च सुरू करताना जुना कोणता बंद करावयाचा, हे कोणी सांगत नाही. ते आपण सांगावे.

वर्षाची रक्कम एकदम भरली तर सवलत मिळते, हे खरे. पण नव्या जोडणीसाठी प्रथम एक-दोन महिनेच भरावेत, पावसाळ्यातील वागणूक पाहावी आणि मग मुदत वाढवावी. आपल्या जिल्ह्यातील गंगाखेड, पालम, सोनपेठ अशा भागांतून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. ज्या घरास सहा महिने कुलूप, त्या घराने वर्षाची योजना घेणे म्हणजे रिकाम्या गोठ्याला वैरण घालणे होय. अशांना मोबाईलचाच रिचार्ज बरा. गावात दुकानदाराने पीएम-वाणी योजनेखाली वायफाय ठेवले असेल तर तोही मार्ग आहे; डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या ह्या योजनेत किराणा दुकानदारासही परवान्यावाचून थोडे थोडे इंटरनेट विकता येते. शेजाऱ्याचा पासवर्ड मागून भागविण्याची रीत मात्र टाळावी. ज्याच्या नावावर जोडणी, त्याच्यावर तिच्या वापराची जबाबदारी येते.

पावती आणि तक्रार

पैसे भरले की पावती घ्यावी. ती ग्राहकाच्या नावाची असावी. केबलवाला ओळखीचा, गावचा असला तरी ह्यात संकोच नको. जोडणी बंद पडल्यास कंपनीच्या ग्राहक केंद्रावर तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक लिहून ठेवावा. केवळ केबलवाल्यास फोन करणे ही नोंद होत नाही. निवारण झाले नाही किंवा समाधान झाले नाही, तर २०१२ च्या नियमांप्रमाणे तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. त्याउपर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालू शकतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला आहे. वेगाची तक्रार करावयाची असेल तर ट्रायच्या ‘मायस्पीड’ ह्या ॲपवर निरनिराळ्या वेळी मोजणी करून आकडे वहीत टिपावेत. तोंडी गाऱ्हाण्यापेक्षा तारीखवार टिपणाचे वजन अधिक.

येथेच शाळेविषयी एक शब्द. शाळेचे ऑनलाइन काम शिक्षक स्वतःच्या घरच्या जोडणीवर आणि स्वतःच्या खर्चाने करतात, ही सर्वांस ठाऊक असलेली गोष्ट आहे. समग्र शिक्षा अभियानातील संयुक्त शाळा अनुदानातून वीज, पाणी ह्यांप्रमाणेच इंटरनेटचाही आवर्ती खर्च करता येतो. शाळा व्यवस्थापन समितीपुढे वर्षाचा हिशेब मांडून तसा ठराव घ्यावा. अनुदान तुटपुंजे असते, हे मान्य. पण मागणी कागदावर आली तरच तिचा विचार होतो.

घरातील शिस्त

जोडणी घरात आली की तिच्याबरोबर करमणुकीचा पूरही येतो. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव ह्या गावाने २०२२ साली ह्यावर आपला उपाय काढला. तेथे संध्याकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी दूरदर्शन संच व मोबाईल बंद ठेवून मुलांनी अभ्यास करावा, असे गावाने ठरविले. आपल्या गावी भोंगा वाजेल न वाजेल. पण प्रत्येक घरास आपली वेळ ठरविता येईल. राउटरला बटण असते, आणि ते मोठ्या माणसांसाठीही आहे, हे पालकांना सौम्यपणे सांगावे.

साधनाचा उपयोग वापरणाऱ्यावर असतो, हे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेने दाखवून दिले आहे. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर संकेत छापून त्यामागे पाठ ठेवण्याच्या कामासाठी तेथील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले ह्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. असा संकेत उघडण्यास लागते ती थोडीशी, पण भरवशाची जोडणी, आणि मुलाच्या हाती पडणारा एक मोबाईल.

वर्गासाठी सूचना

शेवटी एक विनंती करतो. हा विषय वर्गात न्यावा. सहावी-सातवीच्या मुलांनी आपापल्या घरचे रिचार्ज वहीत लिहावेत : किती रुपयांचा, किती दिवसांचा, वर्षातून किती वेळा. त्यावरून त्यांनी वर्षाचा खर्च काढावा. गुणाकार, शेकडेवारी, एककांचे रूपांतर आणि तुलना हे सारे ह्या एका उदाहरणात येते. एखाद्या घरची ओढाताण इतरांपुढे उघडी पडू नये, म्हणून वह्या शिक्षकांनीच तपासाव्यात आणि फळ्यावर कल्पित आकडेच घ्यावेत. मूल घरी जाऊन आईला सांगेल, “आई, आपण वर्षातून तेरा वेळा भरतो,” तेव्हा त्या घरातील पुढचा रिचार्ज विचार करून होईल. घरोघर जाऊन जे आपणांस सांगता येणार नाही, ते चाळीस मुले एका संध्याकाळी चाळीस घरांत सांगतील.

कोणत्या कंपनीची योजना घ्यावी, हे मी सांगितलेले नाही आणि आपणही सांगू नये. दर आणि योजना बदलत राहतात, आणि शिक्षकाने कोणाचा विक्रेता होऊ नये. आपण फक्त क्रम सांगावा : आधी घराची गरज, मग दारापर्यंत येणारी जोडणी, मग वर्षाचा हिशेब आणि शेवटी पावती. ह्या क्रमाने गेलेला माणूस सहसा फसत नाही.